सलीमभाईंच्या गाडीचा हौदा

कहाणी ऐकल्याशिवाय व्रत पुरं होत नाही, आणि किस्सा घडल्याशिवाय आमच्या शेडमधून कुठली वस्तू बाहेर पडत नाही. खांब गावात हायवेच्या कडेला आमचं घर, अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडवर ह्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी : 'फुटलेलं प्लास्टिक जोडून मिळेल.' मी ओट्यावर बसून वाती वळते. वाती संपतात, किस्से संपत नाहीत!

*

पाटी लागली तेव्हा गाव हसलं. "प्लास्टिक फुटलं की भंगारात. जोडतंय कोण?"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कासूकडची एक मासळीवाली. डोक्यावर फुटका टब. ह्यांनी गरम हवेच्या गनने चीर वितळवली, वर प्लास्टिकची सळी भरली, टब हातात दिला. बाईने काय करावं? टब काठोकाठ पाण्याने भरला आणि समोर मांडी घालून बसली! "थेंब गळला तर टब हितंच टाकून जाईन हां!"

तिचा एक चहा झाला, दुसरा झाला. टबातून थेंब नाही. ह्यांच्या कपाळावरून मात्र धारा!

उठताना मला म्हणाली, "हात चांगला हाय गो नवऱ्याचा. आता दुसऱ्या बाजूनं फोडून आणते!"

*

आता आमचं गुपित सांगते. प्लास्टिकच्याही जाती असतात. एका जातीला दुसरीची सळी धरत नाही. ओळखायचं कसं? बारीकसा कपटा जाळायचा आणि वास घ्यायचा. आणि ह्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं! मग हाक येते, "अगं, जरा वास बघ." मी जाते, हुंगते, सांगते, "विझलेल्या मेणबत्तीचा." त्यावरून हे सळी निवडतात.

एका चतुर्थीला गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "वहिनी, उपासाला असला वास चालतो का हो?"

मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "उलट उपासाच्या दिवशीच या. पोट रिकामं असलं की नाक दुप्पट चालतं!"

*

सलीमभाई आखातातून परत आले आणि डोंगरावर आंब्याची बाग करून राहिले. बागेत चढणारी त्यांची एकच गाडी, छोटी चारचाकी, मागे माल भरायला काळा प्लास्टिकचा हौदा. कुणीतरी वरून जांभा दगड टाकला आणि हौदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला. नवा मिळेना.

त्या आठवड्यात मी नेमकी पेणला माहेरी, व्रताच्या उद्यापनाला. ह्यांनी मला फोनसुद्धा केला नाही. "फोनवर वास कसा घेणार तू?" म्हणे! अंदाजाने सळी लावली. चौथ्या दिवशी गाडी परत दारात. सळी केळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली होती.

सलीमभाईंनी सोललेली सळी ह्यांच्या हातात ठेवली. हे म्हणाले, "एकदा परत करून देतो. तेही सुटलं तर पाटी उतरवतो आणि रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो."

सहा वर्षांची शेड हो! मी पेणहून परत आले आणि आधी तुळशीपाशी दिवा लावला. म्हटलं, देवा, नाक मी देते, यश तू दे.

*

कपटा जाळला. स्वच्छ मेणबत्ती! पण त्या जातीची सळी संपलेली, यायला आठवडा लागणार, आणि बागेत आंबा उतरायला आलेला. तीच जात घरात होती कशात? माझा देवाच्या पाण्याचा निळा ड्रम! मागे त्याची कड जोडताना मीच हुंगला होता. पण तो सोवळ्यातला. घरात कुणाला बोट लावू देत नाही मी.

"तुझा ड्रम?" हे दोन पावलं मागे सरले. "नको गो."

"देवाचं पाणी कळशीत राहील," मी म्हटलं. "कापा."

हे तडक मोरीत गेले. आंघोळ करून आले, मग करवत उचलली! चीर पुढे पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, चिरेला खाच केली, आणि ड्रमच्या निळ्या पट्ट्या त्या काळ्या हौद्यात वितळवत नेल्या. सलीमभाई शेडच्या दाराशी उभे होते. त्यांनी कुणी न सांगता चपला बाहेर काढल्या.

*

हौदा भरभरून आंबा खाली आला. पावसाळाही गेला. पाटी जागच्या जागी आहे, फक्त ह्यांनी तिला नवा रंग दिला. निळा!

परवा सलीमभाई आमच्याकडे खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या गाडीचा ब्रेक बघायला कोलाडचा मेकॅनिक आमच्याच अंगणात आला. काळ्या हौद्यातली निळी रेघ बघून थबकला. नख फिरवलं, हातोडीच्या दांड्याने ठोकलं. "काय जोड हाय! सळी कुठल्या कंपनीची?" हे नुसते हसले. माझ्या हातातली वात वळायची राहिली.

"वजन घेतंय का बघू," म्हणत त्याने चिखलाचा बूट हौद्यात ठेवला.

सलीमभाई खुर्चीवरून उडालेच.

"ए बाबा, पाय काढ! बूट उतरव आधी! सोवळ्यातला हाय तो!"