कुठला नारळ?

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोतल्या इंडियन ग्रोसरीवाल्याची समजूत आहे की इथली मराठी माणसं फार देवभोळी आहेत. नाहीतर एवढे नारळ कोण नेतं? मी त्याचा गैरसमज दूर करत नाही. खरं कारण म्हणजे आमचे शेजारी प्रल्हाद साळोखे.

प्रल्हादराव कोल्हापूरचे. पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतात, पण मनाने अजून पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे लेफ्ट बॅक आहेत. शनिवारी सकाळी त्यांच्या गराजमधल्या गाड्या बाहेर निघतात आणि आत खुर्च्या मांडल्या जातात. मग आमच्या गल्लीतले पुरुष तिथे बसून इंग्लंडमधल्या मॅचेस बघतात. माझा नवरा सत्यजित त्यातलाच एक. मला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी जाते ती प्रल्हादरावांच्या मिसळीसाठी, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

मॅच हे खरं तर निमित्त. खरा खेळ वेगळाच. आता कुठल्या मॅनेजरची, म्हणजे तिकडच्या भाषेत कोचची, नोकरी जाणार, यावर ही मंडळी पैज लावतात. मराठीत नोकरीवरून काढलं की नारळ दिला म्हणतात, म्हणून पैजही नारळाचीच. प्रत्येकाने आपल्या नारळावर मार्करने एका मॅनेजरचं नाव लिहायचं आणि तो गराजच्या फळीवर ठेवायचा. नाव देवनागरीतच लिहायचं, ही प्रल्हादरावांची अट. त्यामुळे स्पेनच्या आणि पोर्तुगालच्या त्या बिचाऱ्यांच्या नावांवरून ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं होतात. ज्याच्या मॅनेजरला आधी नारळ मिळेल, तो फळीवरचे सगळे नारळ घरी नेतो. आम्ही एकदा जिंकलो तेव्हा मी सत्यजितशी बोलणंच टाकलं होतं. एवढे नारळ खवायचे कोणी?

जिंकायचे मात्र बहुतेक वेळा प्रल्हादरावच. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळतं?

"सोपं आहे की ओ वहिनी," ते कांदा चिरता चिरता म्हणाले. "टीम हरली म्हणून लगेच काढत नाहीत. मालकानं छापून आणलं ना, 'आमचा मॅनेजरवर पूर्ण विश्वास आहे', की समजायचं, गेला. ज्याच्यावर खराच विश्वास असतोय, त्याच्याबद्दल कोण छापाय बसलंय?"

हे ज्ञान ऐकत त्यांची मुलगी अनिका लहानाची मोठी झाली. शनिवारी सकाळी बापाशेजारी उलट्या बादलीवर बसून तिने वाटीभर शेव खायची आणि मॅच बघायची. दुपारी स्वतःची प्रॅक्टिस. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम नेमके शनिवारी असायचे, त्यामुळे ही पोर तिकडे कधी फिरकलीच नाही. तिच्या आईला, आसावरीला, वाटायचं की मुलीने फार्मसी करावी. अनिकाने कॉलेज केलं, ऑफिसात नोकरीही धरली, आणि गेल्या वर्षी ती चांगली नोकरी सोडून एका खासगी शाळेच्या मुलींच्या टीमची कोच झाली. तिला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. प्रल्हादराव तर ज्याला त्याला सांगत सुटले, "माझी पोरगी मॅनेजर झाली." निम्म्या लोकांना वाटलं, बँकेत.

टीम मात्र हरत सुटली. अनिका टीममधल्या प्रत्येक मुलीला आळीपाळीने खेळवायची. जिला बॉल दिसला की धडकी भरते, तिलासुद्धा. पालक भडकले आणि शाळेकडे तक्रारी गेल्या. मग एके दिवशी शाळेने सगळ्या पालकांना मेल पाठवली. कोच अनिकावर आमचा पूर्ण विश्वास आहे.

आसावरीने ती मेल हात जोडलेल्या चित्रासकट आमच्या ग्रुपवर टाकली. अभिनंदनांचा पाऊस पडला. मी पेढ्यांची आठवण करून द्यायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर प्रल्हादराव ओट्याला टेकून नुसते उभे.

"वहिनी, गेली ओ पोरगीची नोकरी," ते म्हणाले.

"मग तिला सांगा ना तसं!"

"कसं सांगू? शीळ घालत गेली सकाळी."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. जगातल्या सगळ्या मॅनेजरांचं भविष्य सांगणारा हा माणूस घरातल्या मॅनेजरपुढे मुका झाला होता.

पुढच्या शनिवारी फळीवर एक नारळ जास्तीचा निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'आनीका'.

सगळ्यांच्या नजरा सिद्धेशकडे वळल्या. हा मुंबईचा पोरगा, अजून व्हिसावर आहे, इंग्लिश मीडियमचा, आणि थट्टा करायला याला काळवेळ नसतो. त्यात शुद्धलेखनाची ही तऱ्हा.

"काका, मी नाही यार! आईशपथ!"

"माझ्या पोरीच्या पोटावर पैज लावता?" प्रल्हादराव कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. टीव्ही बंद केला, शटर खाली ओढलं, आणि आम्ही मिसळ न खाता घरी आलो. वाटेत मी सिद्धेशला चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा शपथा घेत राहिला.

त्यानंतर गराज उघडलंच नाही. नारळ तसेच फळीवर राहिले. इंग्लंडमधल्या मॅनेजरांनाही जणू सुगावा लागला असावा, कारण तेवढ्या काळात तिथे कोणाचीच नोकरी गेली नाही.

अनिकाच्या टीमची शेवटची मॅच झाली त्या दिवशी मी साळोख्यांकडे डबा परत द्यायला गेले होते. प्रल्हादरावांचा फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकरच दाबला.

"बाबा," पलीकडून रडका आवाज आला, "दे गेव्ह मी द नारळ."

"तिथंच थांब, अनू. हलू नको. आलोच."

त्यांना गाडीची किल्ली सापडेना. ती त्यांच्या हातातच होती. मी म्हटलं बसा मुकाट्याने, आणि माझी गाडी काढली. हायवेवर सगळा वेळ ते भाषणाची तयारी करत होते. "नोकरी गेली म्हणजे काय पाय गेले का?" असं म्हणायचे, मग स्वतःच मान हलवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये अनिका फुटपाथच्या कडेला बसली होती. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, डोळे लाल. तिच्यासमोर पातळावर स्वेटर आणि पायात पांढरे बूट घातलेल्या एक आजी भांबावून उभ्या होत्या. शेजारी टीमची गोलकीपर, त्यांची नात प्रीता, कुठे तोंड लपवू अशा चेहऱ्याने उभी.

"बरं झालं, मराठी माणसं आली!" आजी म्हणाल्या. "मी अहिल्या निकम, साताऱ्याची. अहो, मी काय वाईट केलं? ही माझी नात इथे आल्यापासून घरातसुद्धा तोंड उघडत नव्हती. आता गोलात उभी राहून अख्ख्या टीमवर ओरडते! या कोचबाईंनी तिला बसवून ठेवलं नाही हो, खेळवलं. म्हणून म्हटलं, परत जायच्या आधी शाल-नारळ देऊन त्यांचा मान करावा. तर ही पोर रडायलाच लागली!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अनिकाने जन्मात एकच नारळ पाहिला होता, गराजमधला. सत्काराचा नारळ तिला कोणी दाखवलाच नव्हता, त्यामुळे तिला वाटलं, शाळेनेच तो आजींच्या हाती पाठवलाय.

"अगं, हा तसला नारळ नव्हे," प्रल्हादराव हसत होते आणि डोळेही पुसत होते. "हा मानाचा."

"सेम तर दिसतो, बाबा! मला कसं कळणार?"

प्रल्हादराव खाली वाकले आणि आजींच्या पाया पडले.

तो नारळ साळोख्यांच्या देवघरात विराजमान झाला. मला वाटलं, सुटलो. पण प्रल्हादरावांचा नियम कधी चुकला आहे का? पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन आला. मी तिथे नव्हते, आसावरीने नंतर सांगितलं. अनिका एवढंच म्हणाली, "बाबा, नारळ."

प्रल्हादरावांनी विचारलं, "कुठला?"

ती म्हणाली, "तुझा."

त्या शनिवारी गराज उघडलं. बोलावणं अनिकाचं होतं. आम्ही सगळे मयताला आल्यासारखे तोंड करून बसलो. ती सरळ फळीपाशी गेली आणि 'आनीका' लिहिलेला नारळ तिने खाली काढला.

"हा मी लावला होता," ती म्हणाली.

"तू?"

"मेलमध्ये पूर्ण विश्वास आला ना, बाबा. आय न्यू. तूच शिकवलंस. आणि तू माझ्यापासून एवढा लपवत होतास, सो मला वाटलं, तुला असं सांगावं की मला माहितीय. तर तू टीव्हीच बंद केलास!"

"म्हणजे शीळ घालत जात होतीस ती?"

"ती तुझ्यासाठी."

प्रल्हादराव मटकन खुर्चीत बसले. मागून सिद्धेश हळूच म्हणाला, "काका, मला कोणीतरी सॉरी म्हणणार आहे का?" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण त्याला मीच जास्त बोलले होते.

मग प्रल्हादराव उठले. नियम म्हणजे नियम, असं पुटपुटत त्यांनी फळीवरचे सगळे नारळ एका पिशवीत भरले आणि ती पिशवी लेकीपुढे ठेवली. काहीतरी राहिलं असं वाटून ते आत गेले, देवघरातला आजींचा नारळ घेऊन आले आणि तोही पिशवीत टाकायला वाकले.

अनिकाने त्यांचा हात धरला.

"हा यात नको, बाबा," ती म्हणाली. "ते मी जिंकले. हा मला दिलाय."

मला रडू आलं, लपवण्यासारखं काही नाही त्यात. प्रल्हादराव मिसळीचा कट गरम करायला गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून ढवळत राहिले. त्या दिवशीची मिसळ थोडी करपली होती, पण माझ्यासकट कोणीही तक्रार केली नाही.