खलास म्हणजे काम झालं

मी मस्कतला निघाले तेव्हा सासूबाई अंगणात जीपपाशी कुळथाच्या पिठाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. रडल्या नाहीत. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "पोचलीस की पयलं जेव. मग फोन कर." आमचे हे, तुझे अनिलकाका, आधीच इकडे होते, एसीच्या कामावर.

मुग्धा, तू घरातली नवी सून. पुढच्या महिन्यात तूही येते आहेस आणि तुझा पहिला प्रश्न आहे, रुवीत जेवायला कुठे जायचं. प्रश्न बरोबर आहे.

रुवी म्हणजे मस्कतचा जुना बाजारभाग. शाकाहारी थाळी हवी तर हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या उडप्याकडे जा. करक, म्हणजे कडक दुधाच्या चहासाठी कॉफी शॉपच्या दारात गाडी उभी करून हॉर्न द्यायचा, चहा गाडीत येतो. मला वर्षभर लाज वाटायची, मी उतरून आत जायचे. आता वाजवते. ओमानी घरी कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, प्यालीस तर पुरे झाल्यावर कप हलवून दाखव, नुसतं "नको नको" म्हटलंस तर ओततच राहतात. सोलकढी विसर.

मासळीचं ताट मात्र एकाच ठिकाणी, मोईदीनकडे. माणूस मलबारचा, पण तिरफळाशिवायसुद्धा बांगडा बरा करतो. आत पडदे लावलेल्या फॅमिली केबिन आहेत. त्यातल्या तिसऱ्या केबिनमध्ये काका गेल्याची बातमी मला मिळाली, आणि मला ती कळली नाही. घरात हे कुणी तुला नीट सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

जून महिना होता. उन्हाळ्यात साडेबाराला बाहेरची कामं थांबतात. माझं ऑफिस रुवीतच. काका सुटले की अर्बाब, म्हणजे त्यांचा ओमानी मालक, बरेचदा त्यांना मोईदीनकडे सोडायचा आणि आम्ही एकत्र जेवायचो. त्या दिवशी मी पाण्याच्या जगला मोबाइल टेकवून सासूबाईंशी व्हिडिओवर बोलत होते. ऑफिसने दिलेला दुसरा मोबाइल वाजला. अर्बाब होता. मी स्पीकर लावला.

"मामा, अनिल खलास." माझ्यासारख्या बाईला इथे मामा म्हणतात.

"अच्छा अर्बाब. मैं रुवी में हूँ, रोज की जगह."

"उधर बैठो. मैं आता है." आवाज घोगरा होता. मला वाटलं, उन्हाने.

सासूबाईंनी ऐकलं होतं. "काय गो, कोण खलास?"

मला हसू आलं. "अहो आई, इकडे खलास म्हणजे काम झालं. दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. हे जेवायला येतायत."

"जळ्ळी ती भाषा! माणसाचं नाव घेऊन असं बोलतात?"

"बोलतात. तुम्ही जेवून घ्या."

"तू पण जेव."

मी दोन ताटं सांगितली. उशीर व्हायला लागला तसं माझं जेवून घेतलं, दोनला ऑफिस होतं. काकांचं ताट झाकून ठेवलं.

अर्बाब एकटाच आला. दारातूनच "यल्ला, यल्ला", चला चला, असं ओरडणारा माणूस, त्या दिवशी पडद्याबाहेर नुसता उभा राहिला. "मामा," म्हणाला, "गरमी. ऊपर, छत पे. गिर गया. खलास."

तेव्हा मला तो शब्द मराठीत ऐकू आला. सासूबाईंना तो पहिल्याच वेळी बरोबर कळला होता. मी हसून त्यांची चूक दुरुस्त केली होती.

हॉस्पिटलमधून मी घरी फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "जेवला काय गो तो?"

मी परत का आले नाही, हे गावात सगळे विचारतात. नोकरी इथे, आमच्या रोहनची शाळा इथे. रोहनचं मराठी अडखळतं. मागे एकदा तो फोनवर म्हणाला, "आजी, माझं होमवर्क खलास." मग त्या म्हणाल्या, "झालं म्हणावं, बाळा." तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत तो शब्द बंद आहे. इथे घरासारखं वाटतं का, असंही तू विचारलं आहेस. गाव की मस्कत याचा हिशेब मी सोडला. जिथे तो शब्द कानावर पडत नाही ते माझं घर, तिथेही आणि इथेही.

मोईदीनकडे मी अजून जाते. मासे चांगले मिळतात. ताट उचलताना तो मला काही विचारत नाही, नुसतं बोट दाखवतो. तुला विचारेल, "खलास?" तू हो म्हण.

आणि पोचलीस की पहिला माझ्या सासूबाईंना फोन कर. मग जेव.