पाचव्या दिवसाचं पत्र

माझा थोरला भाऊ वसईच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा आणि ठाण्याच्या एका दैनिकात क्रिकेटवर लिहायचा. परदेश त्याने कधी पाहिला नव्हता. आपला संघ ऑस्ट्रेलियाला गेला की पहाटे उठून तो रेडिओला कान लावायचा, खरखरीतून जेवढं कळेल तेवढं वहीत टिपायचा, उरलेलं शाळेतल्या शिपायाच्या ट्रान्झिस्टरवर ऐकायचा आणि शाळा सुटली की लेख लिहायचा. वर न चुकता लिहायचा, ‘रेडिओवरून’. संपादक त्याला म्हणाले होते, “मास्तर, ‘सिडनीहून’ असं टाकू या ना. कोण बघायला जातंय?” दादा म्हणाला, “मी तरी वसईतच असतो ना.”

सत्तरच्या दशकात माझं लग्न झालं आणि मी नवऱ्याबरोबर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला आले. तो सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. निघताना दादाने एकच गोष्ट मागितली. “बाय, तिथे मॅच पाहिलीस तर मला लिही.”

क्रिकेट मला बेताचंच कळायचं. तरी पहिल्याच उन्हाळ्यात मी गावातली एक शनिवारची मॅच पाहिली आणि चार पानांचं पत्र लिहिलं. कोणी किती काढले, कोण कसा आउट झाला, ‘धडाकेबाज’ फलंदाजी, ‘अप्रतिम’ झेल. दादाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं.

“विशेषणं इथे पेपरच्या ऑफिसात पोत्याने पडली आहेत, तिथून पाठवायची गरज नाही. जमिनीचा रंग कसा होता? लोक कुठे बसले होते? ज्याने झेल सोडला तो नंतर कुठे बघत होता?”

मला राग आला. पण पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा नकळत तेच बघायला लागले. मैदानात गवत जवळजवळ नव्हतंच, लाल माती होती. बॉल सीमेकडे गेला की मागे धूळ उठायची. काँक्रीटच्या पिचवर चटई अंथरलेली असायची आणि ओव्हर संपली की कोणीतरी तिचा कोपरा पायाने दाबून सरळ करायचं. खाणीतली रात्रपाळी संपवून आलेला एकजण नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभ्या उभ्या डोळे मिटायचा. हे सगळं मी दादाला लिहीत गेले.

एका गोलंदाजाबद्दलही लिहिलं. पन्नाशीचा माणूस, खाणीतलाच. माझ्या पहिल्या सीझनला तो चौदा पावलं धावत यायचा, तिसऱ्या सीझनला नऊ. बॉल टाकून झाला की परत जाताना तोंडावर मूठ धरून खोकायचा आणि आपण खोकलोच नाही असा चेहरा करायचा. त्याच्या छातीचा एक्स-रे मी पाहिला होता. दादाने उलट टपाली लिहिलं, “हे मी छापणार नाही. तो तुझा पेशंट आहे. पण तीनदा वाचलं. आता तुला दिसायला लागलंय.”

शाळेतही कधी इतकी शाबासकी मिळाली नव्हती. ते पत्र मी पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून दिवसभर फिरले.

मग आपला संघ आला आणि पर्थला टेस्ट लागली. दादाने पत्रावर पत्र पाठवलं. पाचही दिवस जा, सगळं लिही, रविवारच्या पुरवणीत तुझ्या नावाने छापतो, संपादकांशी बोलणं झालंय. मी आठवड्याची रजा काढली आणि सबंध दिवस ट्रेनमध्ये बसून पर्थ गाठलं. चार दिवस मी उन्हात बसले. दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक ‘डॉक्टर’ म्हणतात. तीनच्या सुमारास तो आला की अख्ख्या स्टँडमधून सुस्कारा निघायचा, बायका हॅट धरायच्या आणि गोलंदाज टोक बदलून मागायचे. मी वहीत भराभर लिहीत होते. शेजारचा म्हातारा म्हणाला, “तू पेपरवाली का?” मी म्हटलं, “नाही, माझा भाऊ.” तेवढ्यानेही मला फार मोठं वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी उतरले होते त्या घरी फोन आला. हॉस्पिटलात दोघंच डॉक्टर होतो, त्यातला दुसरा आजारी पडला होता. पहाटेच्या आधी मला गाडीने परत नेण्यात आलं. पाचवा दिवस मी कालगुर्लीच्या कॅज्युअल्टीत काढला. मॅच तर अगदी रंगात आली होती.

त्या रविवारी मी पत्र लिहायला बसले. चार दिवसांचं भरभर झालं. पाचव्यापाशी हात थांबला. पाचही दिवसांचं येणार, असं दादाने तिथे वाचकांना सांगून ठेवलेलं. मी तिथे नव्हते हे कोणाला कळणार होतं? ट्रान्झिस्टरवर तुकड्या-तुकड्याने ऐकलेलं माझ्याजवळ होतं. त्यावर मी पाचवा दिवस रचला. आमचा शेवटचा भरवशाचा फलंदाज आउट होऊन परतताना एक म्हातारा उभा राहिला आणि त्याने हॅट काढली, असं लिहिलं. तेवढ्यात वारा आला आणि त्याचे पांढरे केस उडाले, असंही लिहिलं. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याभराने कात्रण आलं. माझं नाव, माझे चार दिवस. पाचवा दिवस नव्हता. सोबत दादाचं पत्र होतं.

“बाय, पाचव्या दिवसाचं सगळ्यांत सुंदर लिहिलं आहेस. पण त्या दिवशी मी शाळेला रजा टाकून शेवटच्या बॉलपर्यंत रेडिओजवळ होतो. वारा आलाच नाही. कॉमेंटेटर दर ओव्हरला तेच सांगत होता. तू कुठे होतीस?”

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. त्याने ओरडून लिहिलं असतं तर मी उलट ओरडले असते. दोन महिने मी त्याला पत्र लिहिलं नाही. घरच्या पत्रात ममाकरवी तो खुशाली विचारायचा आणि मी ममाला उत्तर द्यायचे. नवरा म्हणाला, “अगं, एका वाऱ्याचं एवढं काय?” मी त्याच्याशीही नीट बोलले नाही.

शेवटी एका दुपारी ड्युटी संपल्यावर तिथेच बसून खरं ते लिहिलं. त्या दिवशी नर्सचा ट्रान्झिस्टर ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ठेवला होता. एका खाण कामगाराचा तळहात फाटला होता. मी सिरिंजमध्ये भुलीचं औषध भरलं तेव्हा तो म्हणाला, “डॉक, ही ओव्हर संपू दे. नो वरीज, मी कुठे पळत नाही.” आम्ही तिघं थांबलो. टॉवेलवर रक्त पसरत होतं. ओव्हर संपली, मी टाके घालायला घेतले. मधेच रेडिओतून मोठा गलका झाला. आमचा माणूस गेला. तो कामगार हसला, मग माझ्याकडे बघून गप्प झाला आणि तिकडच्या सवयीने हळूच म्हणाला, “सॉरी, लव्ह.” पुढचं मी ऐकलंच नाही, कारण टाके मोजत होते.

दादाने ते एकही शब्द न बदलता छापलं. खाली त्याने एक ओळ घातली होती : लेखिका पाचव्या दिवशी मैदानावर नव्हती. ती ओळ मला आधी टोचली, मग तिचाच अभिमान वाटायला लागला.

ऐंशीच्या दशकात नवऱ्याला सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही गिरावीनला घर घेतलं. तिकडे वसईत घरोघर टीव्ही आले. संपादक बदलले होते. नव्या संपादकांनी दादाला सांगितलं, “लोक आता स्वतःच बघतात, मास्तर. रेडिओवरून कोण वाचणार?” त्याचं लिहिणं बंद झालं. त्याने मला हे दोन ओळींत कळवलं आणि पुढे पानभर आंब्याच्या मोहोराबद्दल लिहिलं.

मी त्याला तिकीट पाठवलं. शाळेला सुट्टी मेमध्ये, म्हणून तो मेमध्ये आला. इथे तेव्हा थंडी सुरू होते, क्रिकेट संपलेलं असतं. मी त्याला सिडनीच्या मोठ्या मैदानाकडे नेलं. फाटक बंद होतं. दोन्ही हातांनी गज धरून तो आत बघत राहिला. जेवढं दिसत होतं तेवढ्यात फुटबॉलचे खांब उभे होते.

“दादा, चल. थंडी आहे.”

“थांब गं. ऊन कुठल्या बाजूने येतं ते तरी बघू दे.”

त्या शनिवारी माझ्या दहा वर्षांच्या मुलीची नेटबॉलची, म्हणजे बास्केटबॉलसारख्या एका खेळाची, मॅच होती. दादाला त्या खेळाचं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याचा जाड कोट घालून तो कडेला उभा राहिला. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने दोन पानं लिहिली आणि भाचीला दिली. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. हरलेल्या मॅचचं वर्णन होतं ते. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘दर वेळी बॉल टाकण्याआधी ती आईकडे बघते. आई गप्पांत असली तर बॉल हातात धरून क्षणभर थांबते.’

मुलगी लाल झाली. “I don’t!” म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “He saw that?”

ते मी कधीच पाहिलं नव्हतं.

विमानतळावर दादा म्हणाला, “दोन वर्षांनी रिटायर होतो. मग डिसेंबरात येईन. पाचही दिवस बसू.” रिटायर व्हायला काही महिने उरले असताना, एका सकाळी शाळेत नकाशा टांगताना तो कोसळला. फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते. मातीला पोहोचणं शक्यच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सिडनीच्या टेस्टला एकटी गेले. पाचही दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी एका तरुण फिल्डरने सोपा झेल सोडला. सगळे ओरडले. तो वाकला, बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. माझा हात पर्सकडे गेला. पेन काढलं, तिकिटाची मागची बाजू वर केली आणि सवयीने ‘प्रिय दादा’ लिहिलं. पुढची ओव्हर सुरू झाली होती. ती संपेपर्यंत मी त्या दोन शब्दांकडे बघत बसले होते.