साक्षीऐवजी दृष्टान्त

खानवेलकर सरांना साधं 'किती वाजले?' विचारलं तरी ते आधी गोष्ट सांगायचे. चष्मा कपाळावर, डोळे अर्धवट मिटलेले, आवाज कीर्तनकाराचा. समोरच्याचा चहा गार व्हायचा आणि वेळ कळायची नाही ती नाहीच. जयपूरच्या आमच्या कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे निम्मा मारा माझ्यावर. बारा वर्षं गोष्टी ऐकल्या. कान किटले अगदी.

अभ्यास मात्र दांडगा, हे नाकबूल करणार नाही. बोधकथा म्हणजे काय, ती आली कुठून, यावर ते जवाहर नगरातल्या घरी मराठी मंडळींना जमवून तासन्‌तास बोलायचे. भिक्खूंनी वाटेवर सांगितलेल्या गोष्टी, कीर्तनातले दृष्टान्त, सगळं तोंडपाठ. एक वाक्य तर ठरलेलं: "राजाला तोंडावर लबाड म्हटलं तर मुंडकं जायचं, म्हणून कुणीतरी सिंहाची गोष्ट रचली. बोधकथा जन्मली ती धीट माणसाच्या पोटी हो!" हे म्हणताना छाती अशी फुगायची की वाटावं, आत्ता निघाले दरबारात. आणि प्राचार्य दिसले की हाच मनुष्य खुर्चीतून अर्धा उठून लाचार हसायचा.

मंजू जयपूरजवळच्या चौमूहून रोज बसने यायची. लोककथांवर पीएचडी करत होती. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण विभागप्रमुखांनी स्वतःच्या नावावर छापलं आणि वर चोरीचा आळ तिच्यावरच घेतला. चौकशी समिती बसली. ते प्रकरण छापून येण्याच्या वर्षभर आधी सरांनी मंजूच्या वहीत वाचलं होतं, मला कौतुकाने सांगितलंही होतं. मी समितीला तसं कळवलं. ऐकीव म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं. आता सर एक वाक्य बोलले की पोरगी सुटणार होती. पण सरांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती, आणि मुदतवाढीच्या शिफारशीवर सही विभागप्रमुखांची लागणार होती.

मंजू आणि मी समितीसमोर बसलो होतो. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. आणि गोष्ट सुरू झाली. एका नदीवर दोन बायका पाणी भरायला येतात, घडे सारखे, पाणी सारखं, मग भांडण कशाचं? अध्यक्ष खूश. कारकुनाने इतिवृत्तात लिहून घेतलं: 'साक्षी ने एक प्रेरक प्रसंग सुनाया.'

मंजूने हात जोडून विचारलं, "सर, आपने मेरा चैप्टर पढ़ा था या नहीं?"

"बेटा, समझनेवाला समझ जाता है," सर म्हणाले.

"समझ गई, सर." तिने फाइल उचलली आणि ती बाहेर गेली.

तिची नोंदणी रद्द झाली. पाच वर्षांचं काम मातीत गेलं. सरांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि त्या संध्याकाळी स्वारी पेढे घेऊन माझ्या दारात हजर. मी हात पुढे केला नाही. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही भेकड आहात."

ते पेढ्यांचा डबा धरून उभेच राहिले. पुढे एखादी गोष्ट येईल, असं त्यांना वाटत असावं. पुढे काही नव्हतं. मी दार लावून घेतलं.