शेळी गहाळ

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा एका चांगल्या माणसावर लिहायला बसणं हा माझा आगाऊपणाच आहे, त्याची आधीच माफी मागतो. पण या जगात कुठलीही वस्तू हरवत नाही, असं मानणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही, म्हणून लिहितो.

कॉलेजसाठी मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातून खाली आलो आणि एका निवृत्त हवालदारांच्या घरामागची खोली घेतली. हवालदारकाकांच्या घरात 'हरवलं' आणि 'गहाळ' या दोन शब्दांना बंदी होती. जे सापडत नाही ते चोरीला गेलं, आणि चोरीला गेलं की काकांच्या वहीत नोंद. एकदा त्यांचा चष्मा मिळेना. काकांनी चोरी लिहिली, माझा जबाब घेतला, मग काकूंचा घ्यायला गेले. भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "अवो, कपाळावर हाय की तुमच्या!" काका जराही ओशाळले नाहीत. त्यांनी खाली लिहिलं : 'मुद्देमाल हस्तगत. आरोपी : कपाळ.' गावात कुणाचं काही गेलं, की माणसं ठाण्याआधी काकांकडे अर्ज लिहून घ्यायला येत. काका आधी पाण्याचा तांब्या पुढे करत. "पानी पिल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई." एकाची मोटारसायकल घेऊन चोर समोरच्या वळणावर दिसत होता, त्यालाही काकांनी आधी पाणी पाजलं. तो प्यायला तोवर चोर पुढच्या गावात पोचला असेल.

दुसऱ्या वर्षी मला तालुक्यातल्या गुन्ह्यांच्या आकड्यांवर प्रकल्प करायचा होता. पेपरातून आकडे जमवून मी चोऱ्यांचा आलेख काढला. त्यातला खांब दरवर्षी ठेंगणा होत गेला होता. मी तो काकांना मोठ्या अभिमानाने दाखवला. त्यांनी एकेका खांबावर बोट ठेवून पाहिलं.

"ए कॉलेज, चोऱ्या कमी झाल्यात असं वाटतंय व्हय तुला?"

"आकडे तसंच सांगतात, काका."

"लिवनं कमी झालं तरी आकडा कमी व्हतो, बाळा. अशी एक तर मीच कमी केलीय."

मग त्यांनी सांगितलं. बरीच वर्षं झाली. कांदे काढायला आलेल्या टोळीतली ठमाबाई नावाची बाई भर उन्हात चालत ठाण्यात आली. शेळी चोरीला गेली म्हणाली. महिनाअखेर होती, चोऱ्यांचा आकडा वाढायला नको होता, म्हणून काकांनी लिहिलं : 'शेळी गहाळ.' वाचून दाखवल्यावर बाई म्हणाली, "सायेब, शेळी काय रुमाल हाय व्हय, खिशातनं पडाया?"

"सगळं ठानं हसलं," काका म्हणाले. "सगळ्यांच्या आधी मी."

तिच्या वाडीचं नाव त्यांना पाठ होतं. वाडी आमच्याच डोंगरापलीकडची निघाली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी निघालो, तेव्हा काकांनी आपल्या वळणदार अक्षरात नवा अर्ज लिहून माझ्या हातात ठेवला. "आता ह्यो कोनी घेनार न्हाई, ठाऊक हाय मला. पन तिला वाचून दाखव. अन् चोरी हा शब्द मोठ्यानं वाच."

ठमाबाई खळ्यावर भात झोडत होती. मी अर्ज वाचला. 'चोरी' मोठ्याने वाचलं. तिने हातातली पेंढी खाली ठेवली आणि हसतच सुटली.

"आरं बाबा, ती तर तिसऱ्या दिशी आपल्या पायानं आली! कुनाच्या मेंढरांमागं गेल्ती. ठान्यात सांगाया जानार हुते मी, पन म्हनलं, परत हसतील."

मोबाईलला रेंज मिळावी म्हणून मी टेकाडावर चढलो आणि काकांना सगळं सांगितलं. मग निकाल विचारणाऱ्या पोरासारखं त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी गहाळच हुती? मी बरोबर लिवलं हुतं?"

"हो काका. बरोबर होतं."

मला वाटलं, आता ते हसतील. पण ते म्हणाले, "लई उन्हाचं चालत आल्ती रं ती. मी तिला पानीसुदिक इचारलं नव्हतं."