याडीचं नाव

आधीच सांगून ठेवते, मी गणिताची बाई आहे. यवतमाळच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते. असले अनुभव वाचले की लिहिणाऱ्याला आधी विचारावंसं वाटतं, बाबा रे, झोप नीट झाली होती का? आता मीच लिहायला बसलेय, तर हसा खुशाल... पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही बंजारा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरणारी माणसं, पुढे तांडे वसवून शेती करायला लागली. वडील – त्यांना आम्ही बापू म्हणतो – नोकरीसाठी यवतमाळला आले आणि मी नि माझा धाकटा भाऊ राजू, दोघंही शहरातच वाढलो. घरात मराठी. आमची गोरबोली मला येत नाही. थोडे शब्द कळतात, पण बोलायला तोंड उघडलं की नातेवाईक हसतात, म्हणून मी तो नादच सोडला.

आमच्यात दिवाळीला धबुकार देतात. अंगणात निखारे ठेवायचे, त्यावर तूप आणि गोड लापशी सोडायची, आणि घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं, त्याला पोचतं. बापूंची आई ते तान्हे असतानाच वारली, त्यांना वाढवलं त्यांच्या आजीने. याडी म्हणजे आई. बापू आजीलाच याडी म्हणत आणि त्यांचं ऐकून सगळा तांडाही याडीच म्हणायला लागला. त्यामुळे तिचं खरं नाव काय, ते कोणालाच ठाऊक राहिलं नाही. दर दिवाळीला बापू सगळ्यांची नावं घ्यायचे आणि तिच्यापाशी येऊन अडायचे. नुसतं "याडी" म्हणून तूप सोडायचे. मी म्हणायची, पोचलं असेल हो. त्यावर ते म्हणत, "याड्या का एक-दोन हायेत माय? कोण्या याडीले पोचलं, काय समजते?"

गेल्या वर्षी बापूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा तेवढी राहिली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी एकच धोशा लावला. "मी वर गेल्यावर तिले हाक काय मारू? जिनं मले लहानाचं मोठं केलं तिचं नाव मले माहीत नाई. शोधून दे मले." रडले नाहीत, पण मला रडू आलं.

मला वाटलं, त्यात काय, सरकारी नोंद असेलच की. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवायचा, त्या नोंदींच्या नकला काढल्या. अर्ज दिला, हेलपाटे घातले, मोडी वाचून घेतली. शेवटी तिच्या मृत्यूची नोंद सापडली आणि त्यात काय, तर पणजोबांचं नाव आणि पुढे 'याची बायको'. बस. शेजारच्याच पानावर चोरीला गेलेल्या एका बैलाचा रंग, शिंगं, कपाळावरचा चांद, सगळं बयाजवार लिहिलेलं होतं. असा संताप आला मला! आयुष्यभर खपलेली बाई, तिला त्या बैलाइतकीही किंमत नाही. घरी येऊन मी बापूंना नुसतं "नाही मिळालं" म्हटलं.

तेव्हा त्यांनी माहेरचा विषय काढला. याडीचं माहेर फुलसावंगीच्या बाजूच्या एका तांड्यातलं. ती गेली तेव्हा पावसाळा होता, नाल्यांना पूर, माहेरी निरोपच पोचला नाही. तिचे भाऊ आले तोवर सगळं उरकलं होतं. माहेरचं लुगडं अंगावर न घालताच बहिणीला जाळलं, म्हणून भाऊ रागाने निघून गेले. तेव्हापासून येणं-जाणं बंद. बापू म्हणाले, "तिथं कोणी जुनं माणूस असंन तर पाह्य."

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी राजूच्या गाडीने आम्ही गेलो. भरदुपार, लख्ख ऊन, दोन्ही अंगाला कापसाची वेचणी चाललेली. भीती वाटावी असं काही नव्हतं, हे मुद्दाम सांगते. तांड्यात विचारत विचारत एका घरी पोचलो. तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या सोनाबाई म्हणजे याडीच्या भावाची मुलगी. याडी त्यांची आत्या, त्यांच्या भाषेत फूफी. डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण कान शाबूत. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आम्ही कोण, ते त्यांच्या नातसुनेने त्यांना कानाशी सांगितलं.

इथे एक रीत सांगायला हवी. आमच्या जुन्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. ते नुसतं रडणं नसतं, चालीवर असतं. मधल्या काळात कोण गेलं, कोणावर काय बेतलं, सगळं त्या रडण्यातून सांगतात. मग डोळे पुसायचे आणि चहा घ्यायचा. मला त्यातलं काही येत नाही. सोनाबाईंनी हात पसरले तेव्हा मला इतकं अवघडल्यासारखं झालं! न रडता नुसतं उभं राहणं म्हणजे अपमानच. तरी वाकले, त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्या काय सांगतील ते बापूंना ऐकवता येईल, म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग मात्र आधीच सुरू केलं होतं.

आणि त्या रडायला लागल्या. माझ्या कानाशी, जाडसर, फाटलेला आवाज. लांबच लांब चाल, मधेच हुंदका. गोरबोली असल्यामुळे मला फक्त 'लुगडं', 'नाला' असे तुटक शब्द कळले. किती वेळ चाललं, सांगता येत नाही. माझी मान अवघडली आणि मी मनात म्हणतेय, आता पुरे करा आजी.

थांबल्यावर त्यांनी ओढणीने डोळे पुसले. माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मराठीत विचारलं, "झिपरी म्हणून हाक मारली तू मले. कोणं सांगतलं तुले? ते नाव फक्त फूफी घ्यायची."

मी म्हटलं, "मी कुठं हाक मारली आजी? तुम्हीच तर रडत होता."

नातसून खाली पाहायला लागली. म्हातारीला वयामुळे भ्रम होत असेल म्हणून मी विषय बदलला. विचारलं, "तुमच्या फूफीचं नाव काय हो?"

"आता तर तूच सांगतलं," त्या म्हणाल्या. "थावरी. मी पार विसरली होती, माय. माहा बाप तिले थावरीच म्हणे."

चहा झाला, निघालो.   फुलसावंगी मागे पडल्यावर राजू म्हणाला, "ताई, तुले गोरबोली येते हे कधी बोलली नाईस."

"येतच नाही मला."

"मंग एवढा वेळ कोण रडून राह्यलं होतं? ती बुढी तर चुपचाप ऐकत होती. नुसतं 'हां फूफी, हां फूफी' म्हणे."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रेकॉर्डिंग लावलं. रस्त्याकडेला, उन्हात, दोघांनी ऐकलं. त्यात सोनाबाईंचे हुंदके आहेत, "हां फूफी" आहे, कोंबड्यांचा आवाज आहे. आणि ते सगळं लांबलचक रडगाणं माझ्या आवाजात आहे. माझ्या! रोज वर्गात ऐकते तो माझा आवाज मला ओळखू येणार नाही का?  मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

घरी बापूंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकेका ओळीचा अर्थ सांगितला. "नाल्याले पूर होता झिपरी, निरोप कसा येईन... माह्या लेकरांले दोष देऊ नको... लुगडं नाई आलं तरी मी माहेरचीच हाये... माह्या भावाले सांग, थावरी आलती." मग पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "आवाज तुहाच हाये, पोरी. पण रडणं तिचं हाये. ती अशीच रडे, मधात श्वास घेऊन."

मी खूप डोकं लावलं. लहानपणी कधी कानावर पडलं असेल म्हणावं, तर बापूंनाच ते नाव माहीत नव्हतं. झिपरी हे नाव आमच्याकडे कोणाला माहीत असायचं कारणच नाही. रेकॉर्डिंगमधली एक ओळ म्हणून पाहिली, तर जीभ वळत नाही. राजूची बायको हसली, पूर्वी नातेवाईक हसायचे तशीच. एका डॉक्टर मैत्रिणीला सांगितलं, ती म्हणाली, ताण असेल. असेल. पण ताण आला म्हणून माणसाला न येणारी भाषा येते का? 

दिवाळीला धबुकार दिला. बापूंना खुर्चीत बसवून अंगणात आणलं. उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या हाताने तूप सोडलं. सगळ्यांची नावं झाली. मग ते थांबले, ताठ बसले आणि मोठ्याने म्हणाले, "थावरी याडी."

"ओ, बेटा," आवाज आला.

राजू, त्याची बायको, बापू, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बापू तर असे हसले, की झटका आल्यापासून तसे कधी हसले नव्हते. सगळे म्हणतात, ओ मीच दिली. असेलही.

पण माझ्या कानांनी तो आवाज मागून ऐकला होता. मी वळून बघत होते, कोण आलंय म्हणून.