पाण्यात बसवलेली माणसं

जामच्या चौकापासून थोडं पुढे, हायवेला लागून एक वॉटर पार्क आहे. त्याच्या निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या एसटीच्या खिडकीतून लांबूनच दिसतात. मागे खोल्यांची दुमजली इमारत, जेवणाचा हॉल आणि लग्नांसाठी लॉन. मी तिथे रिसेप्शनवर लागले आणि पुढे मॅनेजर झाले. लग्न केलं नाही. वडनेरला भावाचं घर आहे, त्यात माझी एक खाट आणि एक पेटी आहे. सणावाराला जाते, दोन दिवस राहते आणि परत येते.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी पार्कवरच होते. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सध्या नोको येजो. गावाच्या रस्त्यावर बाभळीचे काटे टाकले लोकायनं. बाहेरचं माणूस घेऊन नाई राह्यले." बाहेरचं माणूस म्हणजे मी. त्याच्यावर मला राग आला नाही. मी म्हटलं, "बरं, पोरायची काळजी घेजो." आणि राहिले.

पार्कवर तेव्हा आम्ही दोघंच उरलो. मी आणि आमचे पंपवाले भाऊ. ते समुद्रपूरकडच्या गोंड वस्तीतले, माझ्याहून वयानं मोठे. त्यांची घरवाली गावी होती. संध्याकाळी ते पंपहाउसच्या पायरीवर बसून तिच्याशी फोनवर गोंडीत बोलायचे. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी मी खोलीची खिडकी उघडी ठेवायची. कोणीतरी आपल्या माणसाला दिवसभराचं सांगतंय एवढं तर कळत होतं.

मालक नागपूरला. त्यांचा रोज फोन यायचा आणि रोज काहीतरी बंद व्हायचं. आधी कारंजी, मग व्हरांड्यातले दिवे, मग मोठा फ्रीज. पण पाण्याचं तसं नसतं. माणूस आत उतरो न उतरो, फिल्टर चालवावाच लागतो, औषध टाकावंच लागतं, नाहीतर पाणी हिरवं होतं आणि फरशा शेवाळतात. मालक म्हणायचे, "रिकाम्या पाण्याला मी किती दिवस पोसू?" शेवटी छोटे हौद कोरडे केले. लाटांचा मोठा हौद तेवढा भरलेला ठेवला. दुपारी त्यावर कावळे यायचे पाणी प्यायला, आणि बाकी शांतता. हायवेवरूनही काही जात नव्हतं तेव्हा.

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर पार्क उघडायची परवानगी आली आणि गावी गेलेले आमचे लोक परत आले. निम्मी माणसं घ्यायची, गेटवर ताप मोजायचा, खुर्च्या लांब लांब मांडायच्या. निम्म्यांची चिंताच नव्हती, येतच कोण होतं? इतवारी दोन-चार गाड्या, मधल्या वारी एखादं कुटुंब. मालकांनी खर्च आणखी आवळला. घसरगुंड्यांपैकी दोनच चालू. लाटा फक्त गर्दी असेल तेव्हा. ताटं ऑर्डरप्रमाणे, मांडलेलं जेवण बंद. पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवायचो आम्ही, तेही बंद, कारण हात लावलेला टॉवेल पाहुण्यांना नको होता.

आलेले लोक घरी जाऊन मोबाईलवर लिहायचे. जागा स्वच्छ आहे, नोकर चांगले आहेत, पण भकास वाटतं. एका बाईनं लिहिलं होतं, "मुलं पाण्यात उतरलीच नाहीत. म्हणाली, इथे कोणीच नाही, भीती वाटते."

ते वाचून मालक स्वतः आले. हौदाच्या काठानं एक फेरी मारली आणि माझ्यापासून लांब उभं राहून, मास्कमधून म्हणाले, "देखो बाई, पाणी मी देऊ शकतो, खोली देऊ शकतो. माणसं कुठून आणू? गर्दी बघूनच गर्दी येते." मग म्हणाले, "आपलीच माणसं बसवा ना पाण्यात. काम आटोपलं की युनिफॉर्म काढायचा आणि पाहुणे व्हायचं. जास्तीचा खर्च काही नाही."

मला हसू आलं होतं, पण ते गंभीर होते. पार्क चालला नाही तर आमच्यातल्या अर्ध्यांना घरी बसावं लागलं असतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा स्वयंपाक झाला की पोळ्या करणाऱ्या बायका भाड्याच्या काउंटरवरचे नायलॉनचे कपडे घालून हौदात उतरायला लागल्या. पहिल्यांदा तर नुसत्या पाण्यात उभ्या. मी काठावरून म्हणायची, "अवं, बोला काही. हसा." मग त्या बोलायच्या, पण काय? उद्या भाजी कोणती, कोणाच्या सुनेला कोणता महिना. एवढ्या वर्षांत त्यांच्यातली एकही पाण्यात उतरली नव्हती. हळूहळू त्यांना गोडी लागली. एकीनं घसरगुंडीवरून उडी घेतली आणि अशी किंचाळली की गेटवरचा वॉचमन पळत आला.

पंपवाले भाऊ टोपी घालून खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. त्यांच्यापासून थोडं लांब, छत्रीखालच्या खुर्चीवर मी. फुलाफुलांची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा. पाहुण्यांना वाटावं की कोणी नागपूरची बाई आराम करायला आली आहे.

अशाच एका मधल्या वारी ते गृहस्थ आले. मी तेव्हा रिसेप्शनवर नव्हते, क्लार्कनं त्यांना खोली दिली. दुपारी ते पांढरा सदरा, पायजमा आणि हातात चपला घेऊन हौदाच्या काठी आले आणि छत्रीच्या पलीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं बसलो तं चालते का?"

"बसा की."

खुर्ची त्यांनी आणखी थोडी लांब ओढली, नियमाप्रमाणे. मग मास्क हनुवटीवर घेतला. सत्तरीच्या आसपासचे असावेत. 

"कुठून आल्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"वडनेर."

"एकट्याच?"

"हो."

"किती दिवस मुक्काम?"

"बरेच दिवस आहे," मी म्हटलं.

मला एकही शब्द खोटा बोलावा लागला नाही. त्याचंच नंतर वाईट वाटलं.

ते रोहण्याचे. आर्वी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. चंद्रपूरची गाडी त्यांच्याकडे असायची तेव्हा ते याच रस्त्यानं जायचे. म्हणाले, "या घसरगुंड्या मले रोज दिसत. घरी सांगो मी तिले, मंडळीले. ती म्हणे, एकडाव तं दाखवा. मी म्हणो, पोरगा मोठा झाला का जाऊ, रिटायर झालो का जाऊ." मग हौदाकडे बघत राहिले. बायको दुसऱ्या लाटेत गेली होती. तिला दवाखान्यात नेलं ते फाटकापर्यंतच. पुढे आत कोणालाच सोडत नव्हते. मुलगा पुण्याला कामाला, त्यानं मोबाईलवरून ही खोली घेऊन दिली होती, बाबांना बदल म्हणून. 

"मी म्हटलं, एकटा जाऊन काय करू? तो म्हणे, तिथं लोक असतेत. अन् आहेत न बापा. बरं वाटून राह्यलं."

हौदात आमच्या बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या. मी चष्मा नीट केला.

दुसऱ्या दिवशी छत्रीखाली बसायची पाळी माझी नव्हती. रिसेप्शनच्या पोरीची होती. तिला म्हटलं, राहू दे, मीच बसते. आणि वेळेच्या आधीच जाऊन बसले. ते आले. त्यांनी घाटातल्या गाड्यांचं सांगितलं, पावसात बंद पडलेल्या गाडीतल्या वऱ्हाडाचं सांगितलं, नवरदेवानंच कसा धक्का मारला ते. मी खूप हसले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?" मी वडनेरची खाट आणि पेटी सांगितली. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "खाट आहे न पण. ते बी काही लोकायले नसते." हे समजूत घालणं नव्हतं, ते सहज बोलले होते, आणि मला ते आवडलं.

तिसऱ्या दुपारी ते मला म्हणाले, "इथं लाटा येतात म्हणे? समुद्रासारख्या? बोर्डावर चित्र आहे. पण अजून नाई दिसल्या."

मी विचार केलाच नाही. मान वळवली आणि मॅनेजरच्या आवाजात हाक मारली, "भाऊ, लाटा चालू करा जरा."

पंपवाले भाऊंनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "गर्दी नाई न पण, मॅडम," ते हळूच म्हणाले.

"चालू करा."

"जी मॅडम," म्हणून ते पेपरची घडी करून पंपहाउसकडे निघाले.

शेजारचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्या इथले हायेत?"

"हो. पंप बघतात."

"अन् तुमी?"

"मी मॅनेजर आहे."

त्यांनी हौदाकडे हात केला. "अन् त्या बाया?"

"पोळ्या करतात. तुम्ही दुपारी खाल्ल्या त्या त्यांच्याच."

ते मोजल्यासारखं एकेका माणसाकडे पाहत गेले. काठावरच्या माळ्याकडे, घसरगुंडीखालच्या झाडूवाल्या मावशीकडे. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे इथं पाहुणा मी एकटाच आहो."

मी म्हटलं, "लोकांना रिकामं वाटू नये म्हणून मालकांनी... आणि आमच्याही नोकऱ्या..." वाक्य पुरं झालं नाही. तेवढ्यात खालून घुर्र आवाज आला, पाणी हललं, आणि पहिली लाट बायकांच्या गळ्यापर्यंत आली. त्यांनी लाटा कधी अंगावर घेतल्याच नव्हत्या. त्या खरोखर घाबरल्या, खरोखर हसल्या, एकमेकींना धरून पडल्या. माझ्या सांगण्यावरून असं हसणं कधी झालं नव्हतं.

ते पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमची ड्युटी कितीपर्यंत असते?"

"पाचपर्यंत."

"मंग बसा."

मी बसले. लाटा थांबल्या, बायका ओल्या कपड्यांनी काठावर आल्या, तशी त्या गृहस्थांनी उठून एकेकीला नमस्कार केला. त्या लाजल्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं.

मला वाटलं, आता ते चिडून खोली सोडतील. पण संध्याकाळी ते हॉलमध्ये आले आणि मला म्हणाले, "मॅडम, एक सांगू? नाटक नोको. पण एकट्यानं मले जेवण जात नाई. घरी बी जात नाई. तुमी सारे इथंच बसा न जेवाले. खरंखुरं."

नियम होता, एका टेबलावर एकच माणूस, नाहीतर एकाच घरचे. म्हणून आम्ही तसेच बसलो. हॉलभर पसरून, प्रत्येकासमोर एक ताट. वांग्याची भाजी होती. बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागत होतं. ते एका कोपऱ्यातून पंपवाल्या भाऊंना विचारायचे, भाऊ दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडून उत्तर द्यायचे. पोळ्यावाल्या बायकांनी पाहुण्यांना त्यांच्या गेलेल्या बायकोचं विचारलं, ती काय करायची, कशी होती. माझ्यानं ते विचारणं झालं नव्हतं. ते सांगत होते, आणि आवाज मोठा ठेवायला लागत असल्यामुळे त्यांना रडता येत नव्हतं. आमच्यातल्या एकीला मात्र रडू आलं. तिचा भाऊ गेला होता त्याच लाटेत. तिच्यापाशी उठून जावंसं वाटलं मला. मी जागेवरच बसून राहिले.

सकाळी त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली. "चांगलं केलं तुमी," म्हणाले. नेमकं काय चांगलं केलं ते मी विचारलं नाही.

मालकांना मी फोनवर सांगितलं की हे पाण्यात बसवणं बंद करू या. त्यांनी विचारलं, "कोणी तक्रार केली?"

"नाही."

"मग?"

मी फोन ठेवला. ते पुढेही चालू राहिलं. फक्त छत्रीखाली मी परत बसले नाही, रिसेप्शनच्या पोरीला पाठवत गेले. बायकांनी मात्र तक्रार केली नाही, उलट उशीर झाला तर रुसायच्या.

मग निर्बंध उठले. पुढच्या उन्हाळ्यात नागपूर, चंद्रपूर, यवतमाळकडच्या गाड्यांनी पार्किंग भरलं. सगळ्या घसरगुंड्या चालू, लाटा दर तासाला, मांडलेलं जेवण परत. पोळ्या करणाऱ्या बायका परत चुलीपाशी गेल्या. पाहुण्यांच्या हौदात नोकरांनी उतरायचं नाही, हा जुना नियम मालकांनी बोर्डावर लावला. पंपवाले भाऊ वयामुळे गावी गेले. जाताना त्यांनी मला गोंडीत काहीतरी म्हटलं आणि अर्थ सांगितला, नीट राहा, असा काहीसा. त्यांच्या जागी आलेला मुलगा कानात वायर घालून बसतो.

अशाच एका इतवारी काउंटरचा फोन वाजला. आवाज लगेच ओळखला.

"मॅडम हायेत का? मी रोहण्याहून."

"मीच बोलते. कसे आहात?"

"बरा आहो. विचार करून राह्यलो होतो, याव का म्हणून. गर्दी आहे का आता?"

मी बाहेर पाहिलं. हौदात पाणी दिसत नव्हतं, नुसती डोकी. "आहे," मी म्हटलं. "खूप आहे."

"चांगलं झालं. तुमच्या मागची चिंता गेली." मग म्हणाले, "म्हणजे तुमाले आता बसाले टाइम नसन भेटत."

मी म्हणू शकले असते की या, काढते मी वेळ. पण समोर लोक उभे होते, आणि मधल्या वारीही आता तसंच असतं. "नाही भेटत," मी म्हटलं.

"असू द्या. कामाचं राहू द्या. ठेवतो मंग."

"जेवत जा वेळेवर," मी म्हटलं, पण तोवर त्यांनी ठेवला होता बहुतेक. समोरच्या बाईनं विचारलं, लॉकरची किल्ली इथेच मिळते का? मी हो म्हटलं आणि किल्ली काढून दिली.